हिशेबाची कचेरी : काम आणि मर्यादा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर किंवा कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हणालो, मला हिशेबाच्या लहान कचेऱ्यांवर बोलायचे आहे. कामगार संघटनेच्या माणसाचा आणि सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या कचेरीचा संबंध काय, असे त्यांना वाटले. आपल्यालाही वाटत असेल. म्हणून तो संबंध आधी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

माझे शाळेतले शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. पुढे जे शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, गावच्या वाचनालयात आणि मालकांशी झालेल्या वाटाघाटींत. ताळेबंद वाचायला मी शिकलो तो बोनसच्या भांडणासाठी. १९६५ च्या बोनस कायद्यात किमान बोनस ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के होता. या दोन आकड्यांच्या मध्ये गाडी कुठे थांबायची हे नफ्यावर ठरे आणि नफा ताळेबंदात असे. मालक कागद पुढे टाकायचा आणि म्हणायचा, "बघा, काही उरलेच नाही." आम्हाला तो कागद वाचता येत नसे. तेव्हा घसारा म्हणजे काय, तरतूद म्हणजे काय, येणे-देणे कोठे लिहितात, हे मी गावातल्या हिशेबनिसांच्या कचेऱ्यांत बसून विचारून घेतले. त्यांनी मला हाकलले नाही. पंचवीस वर्षे मी त्या कचेऱ्यांत जातो आहे. आज मी जे बोलणार आहे ते तेथे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आपल्या इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला. तेव्हापासून या गावाला कामाचे मोजमाप ठाऊक आहे. मागावरच्या कामगाराची मजुरी बावन्न पिकाला मीटरमागे किती पैसे, अशी ठरते. कापडात आडवे धागे जितके जास्त तितके पीक जास्त, आणि पीक वाढले की मजुरी वाढली पाहिजे. एवढ्यासाठी आम्ही मोर्चे काढले, संप केले. आज गावात असा एकही माणूस सापडणार नाही, जो म्हणेल की बावन्न पिकाच्या पैशांत साठ पिकाचे कापड विणून द्या. परंतु तोच माणूस आपल्या हिशेबनिसाकडे जातो आणि नेमके हेच मागतो. आणि आपण काही गैर मागतो आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

लहान कचेरी म्हणजे काय ते आधी पाहू. बाजारपेठेतल्या एखाद्या इमारतीचा पहिला मजला. आत एक सीए किंवा कर सल्लागार, दोन-तीन कारकून, टॅलीवर नोंदी करणारी एक-दोन मुले-मुली, सीएची कचेरी असेल तर शिकाऊ विद्यार्थी. भिंतीला लागून फायली. अशील, ज्यांना आपण सगळे आता क्लायंट म्हणतो, असे साठ-सत्तर ते शंभर-दीडशे. त्यात सूत व्यापारी आहे, खर्चीवाला यंत्रमागधारक आहे, किराणा दुकानदार, डॉक्टर, पतसंस्था, पेन्शनर, सगळे आहेत. प्रत्येकाला वाटते की कचेरीत आपली एकच फाइल आहे.

आता या कचेरीचे पंचांग पाहा. सात तारखेला, आधीच्या महिन्यात कापलेला आयकर सरकारात भरायचा. अकराला दरमहा भरणाऱ्यांचे जीएसटीचे विक्रीचे विवरण. पंधराला भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विमा. वीसला जीएसटीचा मुख्य रिटर्न आणि त्याबरोबर कर. तिमाहीवाल्यांच्या तारखा आणखी वेगळ्या. शिवाय वर्षाचे आयकर विवरण आणि लेखापरीक्षण यांच्या मुदती आहेतच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून महिन्यातला मोकळा आठवडा या कचेऱ्यांतून नाहीसा झाला. सरकारने मुदत वाढवली तर सुटका होते, असे बाहेरच्याला वाटते. २०२५ साली आयकर विवरणाची ३१ जुलैची मुदत वाढवून १५ सप्टेंबर केली, आणि ती संपता संपता आणखी एक दिवस दिला. ज्याने कागद आणलेच नव्हते त्या अशिलाला सवड मिळाली. कचेरीचे मात्र जुलैचे काम सप्टेंबरच्या लेखापरीक्षणावर येऊन आदळले.

या तारखा हिशेबनिसाने ठरवलेल्या नाहीत. त्या कायद्याच्या आहेत आणि त्या पाळाव्याच लागतात. प्रश्न तारखांचा नाही. तारखेच्या आधीचे दिवस कोणाचे, हा प्रश्न आहे.

एकोणीस तारखेला संध्याकाळी साडेसहाला एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन येतात. पिशवीत महिन्याची बिले. काही पक्की, काही कच्ची, काही पेट्रोलपंपाच्या पावत्या, एखादे लग्नाचे आमंत्रणही. "उद्या भरायचे आहे ना? घ्या." रात्री दहाला दुसऱ्याचा फोन येतो. माल ट्रकमध्ये भरला आहे, ट्रक दारात उभा आहे, ई-वे बिल काढून द्या. तिसऱ्याच्या मोबाइलवर सरकारी पोर्टलचा ओटीपी गेलेला असतो आणि ते स्वतः मेहुण्याच्या हळदीला गेलेले असतात. फोन लागत नाही, ओटीपीची वेळ संपते, पुन्हा पहिल्यापासून. चौथे दुपारी सहज म्हणून येतात आणि मुलाच्या कर्जाचे कागद, बायकोच्या नावचा प्लॉट, भावाला आलेली नोटीस, हे सगळे चहाबरोबर दाखवतात. "जरा बघा की, घरचेच काम आहे." फीचा विषय निघाला की म्हणतात, "देऊ की, कुठे पळून चाललोय?" आणि दिवाळीला मिठाईचा पुडा आणून देतात. मिठाई गोड असते, परंतु कारकुनाचा पगार तिच्यातून होत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी अशाच एका कचेरीचे मालक माझ्याकडे आले. नाव सांगत नाही. सरळ मनाचे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "तुम्ही मालकाशी बोलता कसे, ते मला शिकवा. तुमचा मालक एक असतो. माझे सत्तर आहेत." मी हसलो, पण ते हसत नव्हते. त्यांची एक कारकून मुलगी नोकरी सोडून चालली होती. कामात पक्की, सहा वर्षांची जुनी. कुरुंदवाडकडच्या एका खेड्यातून एसटीने येत असे. महिन्यातून तीन-चार दिवस तिची शेवटची गाडी चुकायची. मग धाकटा भाऊ मोटारसायकलवरून न्यायला यायचा, रात्री अकरा-साडेअकराला. पावसाळ्यात एकदा त्या मोटारसायकलला अपघात झाला. भाऊ वाचला, पण पायात सळई पडली. घरच्यांनी मुलीला सांगितले, आता पुरे. मालक मला म्हणाले, "मी तिला कधी थांब म्हणून सक्ती केलेली नाही हो." ते खरे होते. सक्ती कोणीच केली नव्हती. एकोणीस तारखेला पिशवी घेऊन येणाऱ्या गृहस्थांनीही केली नव्हती. तरीही तो मुलगा त्या रात्री रस्त्यावर होता.

बंधूंनो, मला आज मुख्यतः सांगायचे आहे ते एवढेच. जी मर्यादा ठरवलेली नसते तिचा भार कोणावर तरी पडतोच, आणि तो नेहमी सर्वांत खालच्या माणसावर पडतो. अशील कचेरीच्या मालकाला नाही म्हणू देत नाही. मालक कारकुनाला नाही म्हणू देत नाही. कारकून घरच्यांना म्हणतो, जेवून घ्या, मला उशीर होईल. अशिलाच्या आळसाची किंमत अशा रीतीने तीन पायऱ्या उतरून एका अशा घरापर्यंत जाते, ज्या घराचे नावही अशिलाला माहीत नसते. म्हणून अशिलाला मर्यादा घालणे हा केवळ धंद्याच्या सोयीचा किंवा स्वभावाच्या कणखरपणाचा प्रश्न आहे असे मी मानत नाही. तो श्रमाचा प्रश्न आहे.

कामाला मर्यादा घालणे शक्य नाही, असे आज हिशेबाच्या कचेऱ्यांत म्हणतात. हेच शब्द मुंबईच्या गिरण्यांत म्हटले जात होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केले आणि आठवड्याची एक सुटी मागितली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी पुढे केला. गिरणी रविवारी बंद ठेवली तर धंदा बुडेल, असे तेव्हा सांगण्यात आले. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. गिरण्या बुडाल्या नाहीत. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुष कामगाराला दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये ती अकरा तासांची झाली, १९३४ मध्ये दहाची, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आले. प्रत्येक पायरीला "हे शक्य नाही" असे म्हणणारी शहाणी माणसे होतीच.

या इतिहासातून हिशेबनिसाने घेण्याजोगी गोष्ट अशी की, मर्यादा मध्यरात्री फोनवर ठरत नाही. ट्रक दारात उभा असताना कोणी नाही म्हणू शकत नाही, म्हणूही नये. मर्यादा आधी ठरते, कागदावर ठरते आणि सर्वांना सारखी लागू होते. संघटनेत आम्ही कार्यकर्त्याला पहिल्या दिवशी तीन प्रश्न विचारायला शिकवतो : काय ठरले आहे, कोठे लिहिले आहे, कोणाकोणाला माहीत आहे? मी त्या गृहस्थांना हेच तीन प्रश्न विचारले. तीनही प्रश्नांना उत्तर नव्हते. सत्तर अशिलांपैकी एकाशीही काम कोणते, किती, केव्हा आणि कितीला, हे लिहिलेले नव्हते. ज्यांचा सारा जन्म दुसऱ्यांचे कागद नीट ठेवण्यात गेला, त्यांच्या स्वतःच्या कामाचा कागद नव्हता.

मग आम्ही दोघांनी बसून एक पानाचे पत्र तयार केले. ते मार्चअखेरीस, नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी, सर्वांना दिले. त्यात पाच गोष्टी होत्या. त्या क्रमाने सांगतो, कारण कोणत्याही लहान कचेरीला त्या लागू पडतील.

पहिली गोष्ट कामाची व्याप्ती. दरमहाचे जीएसटीचे विवरण, वर्षाचा ताळेबंद आणि आयकर, एवढे या फीत. नोटिशीला उत्तर, कर्जाचे कागद, दुसऱ्या कोणाचे विवरण, हे वेगळे काम आणि त्याची फी वेगळी. खर्चीवाल्या अशिलाला त्यांनी हे पिकाच्या भाषेत सांगितले, आणि त्याला ते एका वाक्यात कळले. काम नाकारण्याचा यात प्रश्नच नाही. काम मोजले म्हणजे नाकारले असे होत नाही.

दुसरी गोष्ट कागदांची तारीख. विक्रीची बिले पाच तारखेपर्यंत, खरेदीची दहापर्यंत. त्यानंतर आलेले काम त्यानंतरच्या रांगेत लागेल. मुदत टळली तर दंड आणि व्याज ज्याचे त्याने सोसायचे. करावर व्याज वर्षाला अठरा टक्के आहे, हेही पत्रात लिहिले. इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विकणाऱ्याने आपले विक्रीचे विवरण वेळेवर भरले नाही तर घेणाऱ्याला त्या खरेदीवरच्या कराची वजावट त्या महिन्यात मिळत नाही. म्हणजे एकाच्या पिशवीचा उशीर दुसऱ्याच्या खिशातून जातो. अशिलाला हे समजावून सांगितले तर त्याला राग येत नाही. उलट आपल्याला माल देणारा वेळेवर भरतो की नाही, हे तोच विचारू लागतो.

तिसरी गोष्ट वेळ. कचेरी सकाळी दहा ते संध्याकाळी सात. फोन त्याच वेळेत. रविवारी बंद. ई-वे बिल काढायला अशिलाच्या दिवाणजीला दोन दुपारी बसवून शिकवायचे, म्हणजे रात्रीच्या ट्रकसाठी हिशेबनिसाला उठवावे लागणार नाही. ही युक्ती त्या गृहस्थांचीच, आणि मला फार आवडली; कारण रात्रीचे निम्मे फोन त्या शिकवणीनेच थांबले. मर्यादा घालताना समोरच्याचे काम अडणार नाही अशी तजवीज केली, तर मर्यादा टिकते.

चौथी गोष्ट फी. येथे मला थोडे सविस्तर बोलले पाहिजे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात असे आहे की, नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही याची गाठ मारली आहे. असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ज्या वर्षी दिले जातील त्याच वर्षी तो खर्च धरला जातो. हा नियम गावातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला कोणी समजावून सांगितला? हिशेबनिसाने. सेवा देणारी लहान कचेरीही या कायद्यात नोंदणी करू शकते. पण स्वतःच्या थकलेल्या फीसाठी त्याने हा नियम कधी काढला आहे का? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सीएंच्या संस्थेचाही एक नियम आहे : आधीच्या लेखापरीक्षकाची वाद नसलेली फी थकलेली असेल, तर नव्याने ते वैधानिक लेखापरीक्षण स्वीकारू नये. म्हणजे या व्यवसायातल्या जाणत्यांनी ओळखले होते की, एकट्याने मर्यादा टिकत नाही, एकमेकांच्या मर्यादेला मान द्यावा लागतो. आम्ही याला संघटना म्हणतो. ते याला आचारसंहिता म्हणतात. नावाबद्दल माझी तक्रार नाही.

पाचवी गोष्ट सही. बाकीच्या चार मर्यादा थोड्याफार सैल करता येतात, ही येत नाही. बँकेत कर्ज हवे असले की अशील म्हणतो, नफा जरा वाढवून दाखवा. आयकराची वेळ आली की तोच म्हणतो, जरा कमी करून दाखवा. एकाच दुकानाचे दोन ताळेबंद. सीएच्या खोट्या सह्यांचे कागद फार होऊ लागले तेव्हा त्यांच्या संस्थेने २०१९ सालात टप्प्याटप्प्याने प्रत्येक प्रमाणपत्राला आणि अहवालाला अठरा अंकी स्वतंत्र क्रमांक सक्तीचा केला. आता बँकेला तो क्रमांक घालून कागद खरा की खोटा हे पाहता येते. पण क्रमांक सही खरी आहे एवढेच सांगतो; सहीच्या वरचे आकडे खरे आहेत की नाहीत, हे सही करणाऱ्याच्या मनालाच माहीत. आणि मी पाहिले आहे ते असे : जो हिशेबनीस रात्री अकराच्या फोनला नाही म्हणू शकत नाही, त्याला पुढे खोट्या आकड्यालाही नाही म्हणणे जड जाते. पतसंस्था बुडते तेव्हा ठेवीदार म्हणतात, लेखापरीक्षण होते ना? ते ठेवीदार कोण असतात? आमचे कांडीवाले, वहिफणीवाले, घरकाम करणाऱ्या बाया. हिशेबनिसाचा ताठ कणा ही त्याची खासगी मालमत्ता नाही. त्याच्यावर गरिबाची ठेव उभी असते.

पत्र दिल्यावर काय झाले ते सांगतो. सत्तरांतले सहा अशील सोडून गेले. दोघांनी बाजारात सांगितले की, साहेबांना आता शिंगे फुटली. त्या वर्षी त्या गृहस्थांची मिळकत थोडी घटली आणि त्यांच्या घरातून मलाही दोन शब्द ऐकावे लागले. गेलेल्यांपैकी दोघे पुढच्या वर्षी परत आले. राहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पाच तारखेला कागद आणू लागले. सगळे आणत नाहीत. फी अजूनही काहींकडे थकते. वीस तारखेला पोर्टल गोगलगायीसारखे चालले तर अजूनही उशीर होतो. पण त्या दिवशी थांबणाऱ्याला जादा पैसे, घरी जायला रिक्षा आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा, हे आता लिहिलेले आहे. ती मुलगी नोकरीत राहिली. कचेरी बंद होण्याची सात ही वेळ कशावरून ठरली म्हणाल, तर तिची शेवटची एसटी मिळावी यावरून.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की, आपण दार लावले तर अशील शेजारच्या कचेरीत जाईल. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच एकट्याने सगळे करता येत नाही. सलूनवाले आठवड्यातला एक वार मिळून बंद ठेवतात, म्हणून कोणाचे गिऱ्हाईक तुटत नाही. बेंदराला कोणीच बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, म्हणून एकट्याच्याच शेताची पेरणी मागे पडली असे होत नाही. गावातल्या सीएंनी आणि कर सल्लागारांनी एकत्र बसून निदान कागद घेण्याची शेवटची तारीख, बंद होण्याची वेळ आणि रविवार, एवढे तरी सारखे ठेवायला काय हरकत आहे? त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, अशीलही गरजू असतो. खर्चीवाला स्वतः चौदा तास मागाजवळ उभा असतो, त्याने बिले केव्हा लावायची? हेही खरे आहे. अडचण आणि आळस यांत फरक केला पाहिजे. घरात आजारपण आहे, मृत्यू आहे, आग लागली, त्या वेळी मध्यरात्रीही उठावे. पण दर महिन्याच्या एकोणीस तारखेला येते तिला अडचण म्हणत नाहीत, तिला सवय म्हणतात. आणि रोज मध्यरात्री उठणाऱ्या माणसाच्या अंगात खऱ्या आगीच्या वेळी धावायचे बळ उरत नाही.

तिसरी गोष्ट कचेरीच्या मालकांसाठी आहे, आणि ती मी कामगार संघटनेचा माणूस म्हणून सांगतो. अशिलाकडून मिळवलेली मर्यादा कारकुनापर्यंत पोचली पाहिजे. एका कचेरीत मी पाहिले, मालकांनी संध्याकाळी सातनंतर स्वतःचा फोन बंद केला आणि दारावरच्या पाटीवर कारकुनाचा नंबर लावला. याला मर्यादा म्हणत नाहीत. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या, अधिक कृश खांद्यावर टाकणे म्हणतात. कायदा इथे फारसा कामाला येत नाही, हेही ध्यानात घ्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या जागा कामाच्या तासांच्या नियमांबाहेर ठेवल्या. २०२५ मध्ये ती मर्यादा वीसपर्यंत नेली. आपल्या गावातली हिशेबाची बहुतेक कचेरी या उंबऱ्याच्या बाहेरच आहे. तेथे निरीक्षक येणार नाही, युनियनचा फलक लागणार नाही. तेथे मालकाची सद्सद्विवेकबुद्धी आहे आणि कारकुनाचा स्वतःचा आवाज आहे. मालकांनी पहिली जागी ठेवावी आणि कारकुनांनी दुसरा मोकळा करावा. ज्या कारकुनांना एकटे बोलवत नाही त्यांनी दोघे मिळून बोलावे. संघटना दोघांपासूनच सुरू होते.

शेवटी आपल्याशी दोन शब्द. मी आतापर्यंत हिशेबनिसांविषयी बोललो, परंतु या मांडवात हिशेबनीस फार थोडे असतील. आपण बहुतेक जण त्यांचे अशील आहात. कोणी दुकानदार आहे, कोणी मागधारक, कोणी निवृत्त शिक्षक. आणि आमच्या संघटनेचीही वार्षिक विवरणे असतातच, तेव्हा मीही त्यांच्यातलाच. मर्यादा घालण्याचे काम हिशेबनिसावर सोडून आपण मोकळे होऊ नये. आपण जर महिन्याच्या पाच तारखेला बिले लावून, तारखेवार, कच्चे-पक्के वेगळे करून नेऊन दिली; रात्री फोन करण्यापूर्वी हे सकाळी विचारले तर काय बिघडेल, एवढे स्वतःला विचारले; आणि फी मागायची वेळ त्याच्यावर येऊ दिली नाही, तर पत्राची गरजच पडणार नाही. मजुरी वेळेवर मिळावी म्हणून आम्ही आयुष्यभर मालकांशी भांडलो. या एका व्यवहारात मालक आपण आहोत. मालक कसा असावा हे आपण इतरांना पुष्कळ सांगितले. ते या महिन्याच्या वीस तारखेच्या आत करून दाखवावे, एवढीच माझी विनंती आहे.